खुब्याचा सांधा बदलल्यावर मांडी का घालायची नाही?

खुब्याचे ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या हातात घरी जाताना पथ्यांचा कागद दिला जातो: मांडी नको, उकिडवे बसणे नको, पायावर पाय नको. आपल्या नगर जिल्ह्यात जेवण, पूजा, गप्पा सगळे जमिनीवर, त्यामुळे हा कागद जाचक वाटतो. पण त्यामागे मोठा इतिहास आहे.

आजच्या खुबारोपणाचे जनक म्हणजे इंग्लंडचे सर जॉन चार्नली. 1958 च्या सुमारास त्यांनी मांडीच्या हाडाला धातूचा गोळा आणि कमरेच्या हाडात टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. पेशंट आनंदाने चालू लागले. काही वर्षांतच टेफ्लॉन झिजले, त्याच्या कणांनी सांधा खराब झाला आणि ऑपरेशने पुन्हा करावी लागली. हे कण शरीरात काय करतात हे पाहायला चार्नलींनी टेफ्लॉन चक्क स्वतःच्या मांडीत घालून घेतले! नोव्हेंबर 1962 पासून त्यांनी पॉलिथिलीनची वाटी वापरली, ती टिकली.

वाटी कमी झिजावी म्हणून त्यांनी गोळा मुद्दाम लहान ठेवला होता, जेमतेम 22 मिलिमीटरचा. लहान गोळा लवकर निसटतो. आता बहुधा 28 ते 36 मिलिमीटरचे गोळे वापरतात, तरी सांध्याभोवतीचे स्नायू आणि आवरण भरून येईपर्यंत धोका राहतोच. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकला आणि पाय आत वळला, की गोळा वाटीबाहेर येऊ शकतो. सांधा मागून उघडला की पुढून, यावर पथ्ये बदलतात. ती किती आठवडे पाळायची, हे तुमच्या सर्जनलाच विचारा.

शेजाऱ्यांना मात्र विचारू नका. 2000 साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला, तेव्हापासून ‘सांधा बदलणे’ म्हणजे गुडघाच, असे अनेकांना वाटते. गुडघ्याच्या पेशंटला आम्ही ‘वाकवा, वाकवा’ म्हणतो. तोच व्यायाम खुब्याला घातक ठरू शकतो.

पूर्वी या पेशंटना कित्येक दिवस झोपवून ठेवत. त्यात पायात रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात. म्हणून आता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभे करतात. ‘आराम करू द्या’ म्हणून घरच्यांनी अडवू नये. रक्त पातळ करणारे औषधही मध्येच सोडू नका.

उंच खुर्ची, पलंग आणि कमोडची सोय ऑपरेशनआधीच करा. पोटरी सुजली, जखमेतून पाणी आले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखू लागले, किंवा एकदम कळ येऊन पाय आखूड वा वळलेला दिसला, तर सकाळची वाट पाहू नका; रात्रीच हॉस्पिटल गाठा.