सेंद्रिय खताची ‘इंदूर पद्धत’ आणि ड्रॅगन फ्रूटची लागवड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागात ड्रॅगन फ्रूट या पिकाची लागवड अलीकडच्या काळात वाढली आहे. निवडुंग कुळातील ही वेल मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील होय. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी ती व्हिएतनाममध्ये नेली. गुजरात शासनाने जानेवारी २०२१ मध्ये तिच्या फळाला ‘कमलम’ हे नाव देण्याचा निर्णय जाहीर केला. पीक नवे असले तरी त्याच्या बुंध्याशी घातले जाणारे कंपोस्ट खत मात्र नवे नाही. या खताच्या शास्त्रशुद्ध निर्मितीचा एक महत्त्वाचा अध्याय होळकरांच्या इंदूर संस्थानात लिहिला गेला. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) इंदूर पद्धतीची ऐतिहासिक पार्श्वभूमी अभ्यासणे.
२) तिच्या निर्मितीतील भारतीय सहभागाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) ड्रॅगन फ्रूटच्या संदर्भात तिची उपयुक्तता तपासणे.

विषय विवेचन :
अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. परदेशी ज्ञान शेतकऱ्यांना शिकविण्याच्या हेतूने आलेल्या या अधिकाऱ्याने पुढे शेतकरी आणि पिकांवरील कीड यांनाच आपले अध्यापक मानले. १९२४ मध्ये इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था स्थापन झाली. होळकर दरबाराने तिला जमीन दिली, तर खर्चाचा भार मध्य भारतातील संस्थाने व भारतीय मध्यवर्ती कापूस समिती यांनी उचलला. हॉवर्ड व त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी येथे काम केले.

संस्थेसमोरील प्रश्न व्यावहारिक होता. शेणाचा मोठा भाग गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात होता, गोमूत्र गोठ्यातच वाया जात होते आणि कपाशीच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नव्हत्या. त्यावर शोधलेला उपायही तितकाच साधा होता. पऱ्हाट्या रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या जात. त्या व इतर काडीकचरा गुरांखाली अंथरला जाई. मग शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व लाकडाची राख यांसह त्याचे थर सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद व ३ फूट खोल खड्ड्यात रचले जात. योग्य ओलावा राखून व ठराविक अंतराने ढीग वरखाली करून हवा खेळती ठेवल्यास सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. यातील कोणतीही वस्तू शेतकऱ्याला विकत घ्यावी लागत नव्हती. चीनमधील खतनिर्मितीच्या परंपरेचे एफ. एच. किंग यांनी १९११ च्या ग्रंथात केलेले वर्णनही या प्रयोगांमागे होते.

या प्रयोगांवरील ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ हा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेच्या रसायनशास्त्र विभागातील प्रमुख सहायक होते. त्याच वर्षी हॉवर्ड भारतातून परतले. १९४० मध्ये त्यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ एकट्याच्या नावाने आला व पाश्चात्त्य देशांतील सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा आधारग्रंथ ठरला. परिणामी पद्धत हॉवर्ड यांच्या नावाने रूढ झाली आणि वाड यांचे नाव ग्रंथसूचीपुरते उरले.

ड्रॅगन फ्रूटच्या बाबतीत या पद्धतीचे महत्त्व विशेष आहे. मूळ अधिवासात ही वेल झाडांच्या आधाराने चढते आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून पोषण घेते. तिची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात व साचलेले पाणी त्यांना सोसत नाही. मुरमाड, उथळ जमिनीत ओल धरून ठेवणारे आणि जमीन भुसभुशीत राखणारे पूर्ण कुजलेले खत तिला मानवते. कच्च्या शेणखताबरोबर मात्र हुमणी व तणांचे बी शेतात येण्याचा धोका असतो. म्हणजेच ‘सेंद्रिय’ या शब्दापेक्षा खत कसे कुजविले, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. इंदूरच्या प्रयोगांचा गाभाही हाच होता.

निष्कर्ष :
सेंद्रिय खत ही पाश्चात्त्यांची देणगी होय, असे एक मत मांडले जाते. ते सर्वस्वी प्राचीन परंपरेतून आले, असे दुसरे. इंदूरचा इतिहास ही दोन्ही मते अपुरी ठरवितो. तेथे शेतकऱ्याचा अनुभव, चिनी परंपरा, संस्थानिकांचा आश्रय आणि प्रयोगशाळेतील रसायनशास्त्र एकत्र आले होते. त्या ज्ञाननिर्मितीत सहलेखक असलेल्या भारतीय शास्त्रज्ञाचे नाव कृषी इतिहासाच्या अध्यापनात हॉवर्ड यांच्या बरोबरीने घेतले जाणे आवश्यक आहे.