कुऱ्हाडीची साक्ष

असोदा म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. भरिताचं वांगं आणि बहिणाबाई. १८८० साली बहिणाबाई इथं जन्मल्या. जन्मभर शेतात आणि जात्यावर राबल्या. अक्षर येत नव्हतं. तोंडातून गाणं निघायचं ते पोरानं, सोपानदेवानं, कागदावर उतरवून घेतलं. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्यात. कष्टकरी बाईचं घर म्युझियम झालं याचा आपल्याला आनंदच आहे. पण दोस्तहो, त्यातलं मर्म ध्यानात घ्या. त्या घरात लिहून घेणारा होता.

महारवाड्यातल्या आज्याही त्याच काळात राबल्या. त्याही दळताना गायल्या. लिहून घेणारा नव्हता. म्हणून आपल्या घरातल्या वस्तू म्युझियमकडे जात नाहीत, भंगारवाल्याकडे जातात.

मी लाकडाच्या गिरणीत करवतीवर काम करतो, म्हणून लाकडापुरतंच बोलतो. गिरणीत सागाचा ओंडका येतो, त्याच्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असतो. नंबर असतो. वाहतुकीचा पास सोबत असतो. कापल्या तोंडावरची कडी मोजली की झाडाचं वय निघतं. म्हणजे लाकडाचा जन्म, मरण, प्रवास, सगळ्याचा हिशेब आहे. हिशेब नाही तो कुऱ्हाड चालवणाऱ्याचा.

हे आजचं नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली मलबारच्या सागाचं ट्रिंकोमाली नावाचं लढाऊ जहाज बांधलं. ते आज इंग्लंडात हार्टलपूलला म्युझियम होऊन उभं आहे. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया इतिहासात आहेत. साग पाडणारे कुठं आहेत? केरळात निलांबूरला १९९५ साली खास सागाचं म्युझियम झालं. तिथं जवळच इंग्रजी अमदानीत लावलेलं सागाचं बन आहे. त्याला नाव कलेक्टर कॉनोलीचं. खड्डे खणणाऱ्यांचं नाव कोण देणार?

आता आपल्या मुलखाकडे या. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. सातपुड्यातले भिल्ल नमेनात, तेव्हा १८२५ साली औट्रम साहेबानं भिल्लांचीच पलटण उभी केली आणि धरणगावला तिचा तळ ठेवला. भाऊ भावावर घातला. १८४२ साली डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे लिहून घेतले. सरकारला साग पाहिजे होता. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, पुढच्या दहा-बारा वर्षांत रूळ आपल्या खानदेशात आले. रुळाखाली लाकूड लागतं. लाकडाची भूक वाढली तसा कायदा आला. १८७८ च्या जंगल कायद्यानं राखीव जंगलं केली, आणि जो पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात राहिला तो जळणाच्या मोळीसाठी चोर ठरला.

रानात हे, तर गावात काय? गावात वतन. पाडलेलं झाड गावात आलं की फोडायचं कुणी? महारानं. लग्नाचं जळण महारानं फोडायचं, वाड्यावरच्या न्हाणीचं जळण महारानं फोडायचं, मेलेल्याच्या सरणाची लाकडंही महारानंच. मजुरी? बलुतं. म्हणजे दारात उभं राहून मागितलेली भाकर आणि खळ्यावरचं उरलंसुरलं. १८७४ च्या कायद्यानं या वेठीला सरकारी शिक्का दिला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात तो कायदा बदलायला बिल मांडलं. वतन कायद्यानं मोडलं ते १९५८ साली. मधे तीस वर्षं गेली. त्या तीस वर्षांत किती गाड्या लाकूड फुटलं असंल, याचं पुस्तक कोण्या इतिहासकारानं लिहिलंय?

आमच्या घरात आजीच्या सासऱ्याची कुऱ्हाड आहे. दांडा कधीच गेला, नुसतं पातं उरलंय, घासून घासून चार बोटं झालेलं. आजी सांगते, "लाकडं फोडू फोडू त्यायचे हातच लाकडाचे झाले व्हते. घास तोंडात घालाले बोटं वळेनात. पोरायनी घास भरवला." एवढंच सांगते आणि गप बसते. तिच्या गप बसण्यात वतनाचा अख्खा कायदा आहे.

आमचा काका म्हणतो, फेका ते पातं. गुलामीची निशाणी घरात कशाला? छप्पनला धम्म घेतला, देव टाकले, मग हे लोखंड कशाला पूजता? काकाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बाबासाहेबांनी महाडपासून सांगितलं, ही कामं टाका. लोकांनी टाकली, उपाशी राहिले, मार खाल्ला, पण टाकली. आपण शिकलो ते त्या टाकण्यामुळं.

पण काम टाकणं वेगळं आणि पुरावा टाकणं वेगळं. पातं पुजायचं नाही. काचेत ठेवून "आमची थोर परंपरा" म्हणून मिरवायचंही नाही. वेठीत परंपरा कसली? कोर्टात साक्षीला ठेवतात तसं ते ठेवायचं. उद्या कुणी म्हणालं की गावगाडा गुण्यागोविंदानं चालत होता, तर पातं टेबलावर ठेवायचं आणि विचारायचं, हे एवढं कशानं झिजलं?

साक्षीला किंमत असते हे कायद्यानंही मानलंय. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवाशांना, त्यात आपले दलित भाऊही आले, १३ डिसेंबर २००५ च्या मागे तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. कागद कुणाकडे असणार? म्हणून नियमांत लिहिलंय की गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांचं लेखी जबाब पुरावा म्हणून चालेल. जुनी विहीर, मसणवटा, हेही चालेल. म्हणजे म्हाताऱ्याचा शब्द जमीन मिळवून देऊ शकतो. मात्र तो लिहिलेला पाहिजे.

आणि वारसा म्हणाल तर तो आपण आपल्या पायांनी उभा केलाय. बाबासाहेब १९३७ साली कोर्टाच्या कामाला धुळ्याला आले होते. लळिंगच्या रानातल्या लांडोर बंगल्याशी त्यांची ती आठवण जोडलेली आहे. दरवर्षी ३१ जुलैला खानदेशातली माणसं, लेकरंबाळं घेऊन, पावसात तिथं चढून जातात. साहेबलोकांच्या रानातला बंगला लोकांनी भीमाचा केला.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, मोर्चाला जाता तसे एक दिवस आपल्याच वस्तीत फिरा. वही घ्या, नाहीतर मोबाईलवर आवाज टेपा. म्हाताऱ्या माणसाला विचारा. कोणतं हत्यार होतं? कोणाच्या अंगणात चाललं? दिवसभराचं काय मिळालं? नाही म्हटलं तेव्हा काय झालं? आणि पहिल्यांदा नाही म्हणालं कोण? उत्तराखाली नाव लिहा, गाव लिहा, तारीख लिहा. वस्तू असंल तर तिला चिठ्ठी बांधा आणि विहाराच्या कपाटात ठेवा. सरकारचं म्युझियम होईल तेव्हा होवो. म्हाताऱ्या तोवर थांबणार नाहीत.