बंद उपकरणांची वीज : मोजमापाचा एक दुर्लक्षित इतिहास

१/
रिमोटने टीव्ही बंद केला, तरी त्याच्या कडेचा लाल ठिपका जळतच राहतो. सेट-टॉप बॉक्स, राउटर, मायक्रोवेव्हवरचे घड्याळ यांचेही तसेच. उपकरण आपले मुख्य काम करीत नसताना केवळ हुकमाची वाट पाहत जी वीज घेते, तिला ‘स्टँडबाय’ वापर म्हणतात. ही वीज कित्येक दशके घराघरांत खर्च होत होती. तिची पद्धतशीर मोजणी मात्र १९९०च्या दशकात सुरू झाली. एवढा उशीर का झाला, याचे उत्तर विजेच्या मीटरच्या इतिहासात आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवर थॉमस एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. वीज विकायची तर ती मोजणे आले. एडिसनचे मीटर रासायनिक होते. काचेच्या भांड्यात झिंक सल्फेटचे द्रावण आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या, अशी त्याची रचना. ग्राहकाच्या विजेचा ठरावीक अल्प अंश या द्रावणातून जाई आणि एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर साचे. कंपनीचा माणूस ठरावीक काळाने पट्ट्या घेऊन जाई, त्यांचे वजन होई आणि वजनातील फरकावरून बिल निघे.

३/
या मीटरवर ग्राहकाने वाचावे असे काहीच नव्हते. ना काटा, ना आकडा. किती वीज वापरली, हे केवळ विक्रेत्याला कळे. आणखी एक तपशील लक्षणीय आहे. कडाक्याच्या थंडीत द्रावण गोठू नये, म्हणून मीटरच्या पेटीत एक लहान दिवा बसवलेला असे आणि तापमान उतरले की तो आपोआप लागे. वीज मोजणारे यंत्रही स्वतःला जागे ठेवण्यासाठी वीज घेत होते!

४/
अशा मीटरवर ग्राहकांचा विश्वास कसा बसावा? १९१० साली प्रसिद्ध झालेल्या एडिसनच्या चरित्रात यासंबंधी एक किस्सा आहे. बँकर जे. पी. मॉर्गन यांना मीटरच्या अचूकतेविषयी शंका होती. तेव्हा त्यांच्या कार्यालयातील दिव्यांपाशी कार्डे टांगण्यात आली आणि दिवे किती वेळ जळले, याची नोंद त्यांवर ठेवण्यात आली. कार्डांवरचा हिशेब मीटरशी जुळेना. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला, की कार्यालय सुटल्यावर साफसफाई करणारा माणूस दिवे लावत असे आणि ते तास कार्डांवर आलेच नव्हते. ते धरल्यावर हिशेब जुळला.

५/
या किश्शात आपल्या विषयाचे सार आहे. मीटर एकूण बेरीज अचूक सांगते. ती बेरीज कशाकशाची झाली, हे सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक दिव्यापाशी जाऊन स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. आणि ‘कोणीच वापरत नाही’ असे आपण गृहीत धरतो, नेमक्या त्याच वेळी काहीतरी चालू असते.

६/
१८८९च्या सुमारास बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील अभियंता ओटो ब्लाथी याने प्रत्यावर्ती प्रवाहासाठी इंडक्शन मीटर विकसित केले. फिरणारी धातूची चकती आणि तिच्या फेऱ्या मोजणारी आकड्यांची यंत्रणा, हे त्या घराण्याचे मीटर पुढे शंभर वर्षे जगभर नांदले. आपल्याकडच्या जुन्या घरांतील काळी चकतीची मीटरे त्याच वंशातली. आता आकडा ग्राहकालाही दिसू लागला, पण तो साऱ्या घराचा एकच. शिवाय अगदी क्षीण भार असला, तर घर्षणावर मात करून चकती फिरवण्याइतके बळ त्यात नसे.

७/
त्याच काळात ‘बंद’ या शब्दाचा अर्थ हळूहळू बदलत गेला. १९५६ मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीचा, रॉबर्ट ॲडलर यांनी घडवलेला ‘स्पेस कमांड’ रिमोट बाजारात आला. त्या रिमोटला बॅटरीही लागत नसे. मात्र दुरून आलेला आदेश ऐकायचा, तर टीव्हीच्या आतील एखादा भाग सतत जागा असणे भाग होते. पुढे ‘इन्स्टंट-ऑन’ टीव्ही आले. चित्र चटकन उमटावे म्हणून त्यांच्या निर्वात नळ्यांचे तंतू बंद अवस्थेतही गरम ठेवले जात. मग व्हीसीआर, घड्याळे, फॅक्स यंत्रे आणि ॲडॉप्टर यांची रांग लागली.

८/
एकेका उपकरणाची ही वीज क्षुल्लक भासे, म्हणून तिची बेरीज कोणी केली नाही. ती करण्यासाठी मीटर घराच्या दारातून उचलून प्लग आणि सॉकेट यांच्या मध्ये न्यावे लागले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील ॲलन मायर यांचे या कामातील योगदान मोठे आहे. त्यांनी जे. पी. रॉस यांच्यासमवेत १० घरांत केलेल्या मोजणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. घरांचा स्टँडबाय भार १४ ते १६९ वॅट आणि सरासरी ६७ वॅट होता. घराच्या वार्षिक वीजवापरात त्याचा वाटा ५ ते २६ टक्के होता.

९/
६७ वॅट म्हणजे एक जुना पिवळा बल्ब. पण तो वर्षभर, अहोरात्र जळत ठेवला तर सुमारे ५८७ युनिट होतात.
या अभ्यासातील सर्वांत मोलाचे निरीक्षण मात्र वेगळेच होते. तेच काम करणाऱ्या दोन उपकरणांच्या स्टँडबाय वापरात मोठी तफावत आढळली. एकाला जे थोड्या विजेत साधते, ते दुसऱ्यालाही साधायला हवे. म्हणजे दोष केवळ बटण न दाबणाऱ्या गृहस्थाचा नव्हता, तो उपकरणाच्या रचनेतही होता.

१०/
इथे इतिहासाला वळण मिळाले. घराचे बिल घरमालकाला जबाबदार धरते. उपकरणाची मोजणी उत्पादकाला जबाबदार धरते. १९९९ मध्ये मायर यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ‘एक वॅट’ योजना मांडली. त्यानुसार कोणत्याही उपकरणाने स्टँडबायमध्ये एका वॅटहून अधिक वीज घेऊ नये. ३१ जुलै २००१ रोजी अमेरिकी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सरकारी खरेदीसाठी हा निकष लागू करणारा आदेश काढला. युरोपीय संघाने २००८ साली नियम केला. २०१० पासून मर्यादा १ वॅट (माहिती दाखवणारा पडदा असल्यास २) आणि २०१३ पासून तिच्या निम्मी.

११/
मग प्रश्न मिटला का? नाही. सतत नेटवर्कशी जोडलेली उपकरणे आता खऱ्या अर्थाने झोपतच नाहीत. आपल्याकडे केबल टीव्हीच्या सक्तीच्या डिजिटायझेशनने सेट-टॉप बॉक्स घरोघर पोहोचवला. २०१२ मध्ये मुंबईची पाळी आली, २०१३ मध्ये पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांची. टीव्ही बंद केल्यावर त्याच्या शेजारची ही पेटी बंद करण्याचे किती घरांत ध्यानात येते?

१२/
आपल्या घराचा स्टँडबाय भार मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल, हे मीटरवर छापलेले असते. समजा, तो आकडा ३२०० आहे. दिवे, पंखे बंद करा, फ्रिजचे बटण काही मिनिटांपुरते बंद ठेवा आणि दोन लुकलुकींमधील सेकंद मोजा. ११२५ ला त्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. ११२ सेकंद लागले, तर भार साधारण १० वॅट. (छापील आकडा वेगळा असल्यास ३६ लाखांना आधी त्या आकड्याने, मग सेकंदांनी भागावे.) त्यानंतर एकेक बटण बंद करीत पुन्हा मोजले, की कोणते उपकरण किती घेते तेही कळते.

१३/
१० वॅट म्हणजे महिन्याला सुमारे ७ युनिट. महाराष्ट्रातील घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे वाचलेले हे युनिट आपल्या वापराच्या सर्वांत वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातले असतात. अमेरिकी घरांतील सॉकेटला बहुधा बटण नसते, आपल्या बोर्डावर ते असते. कपाटामागे गेलेले बटण हाताशी आणणारा एक स्विच असलेला एक्स्टेन्शन बोर्ड पुष्कळदा पुरेसा ठरतो.

१४/
एडिसनच्या ग्राहकाला आपली वीज वाचता येत नव्हती, चकतीच्या मीटरने त्याला बेरीज दाखवली आणि प्लगपाशी आलेल्या मीटरने त्या बेरजेतील एकेक रक्कम दाखवली. मोजण्याची जागा बदलली, तेव्हाच जाब कोणाला विचारायचा हेही बदलले. म्हणून नवे उपकरण घेताना किंमत आणि स्टार यांच्यासोबत दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘बंद असताना हे किती वॅट घेते?’

(धागा समाप्त)