खिळा, दोरी आणि फरशी

मिलानच्या मठातल्या भोजनगृहात लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’ आहे, 1495 ते 1498 या काळातलं. त्यात येशूच्या उजव्या कानशिलाजवळ भिंतीला बारीकसं भोक आहे. खिळ्याचं. छताच्या चौकटी, दोन्ही भिंतींवरच्या पडद्यांच्या कडा, सगळ्या रेषा पुढे वाढवल्या की तिथेच येऊन मिळतात. खिळ्याला दोरी बांधायची, ताणायची, रेषा आखायची. हे कळल्यापासून पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या तंत्राची, रूढ जन्मकथा मला पटेनाशी झाली.

रूढ कथा एका ओळीची आहे: फ्लॉरेन्सचा वास्तुकार ब्रुनेलेस्की याने शोध लावला आणि 1435 मध्ये विद्वान आल्बेर्तीने तो ग्रंथात मांडला. माझ्या मते हे घराणं पंडितांचं नव्हेच. ते गवंड्यांचं, आणि मूळपुरुष म्हणजे लाइनदोरी.

ब्रुनेलेस्कीचा प्रयोग मात्र झकास होता. त्याचा चरित्रकार मानेत्ती सांगतो ते असं. कॅथीड्रलच्या दारात उभं राहून समोरच्या बाप्तिस्मागृहाचं जेमतेम वीतभर-दीडवीतभर चित्र त्याने फळीवर काढलं. फळीला भोक पाडलं, चित्राच्या बाजूने मसुरीएवढं, मागून नाण्याएवढं. मागून डोळा लावायचा, पुढे आरसा धरायचा आणि आरशात चित्र बघायचं. आकाशाच्या जागी घासून चकचकीत केलेली चांदी होती, म्हणजे खरे ढगच चित्रात सरकणार! पण चित्र आखलं कसं, हे मानेत्ती सांगत नाही, आणि फळी हरवली. मग पंडितांची जुंपली. कुणी म्हणतं, आरशावरूनच गिरवलं; कुणी म्हणतं, इमारतीच्या मापांवरून रचलं. मी दुसऱ्या पक्षातला. सोनारकामात हात तयार झालेला, रोममधले जुने अवशेष मोजत हिंडलेला हा माणूस माप सोडून गिरवत बसेल?

दुसरा दावेदार वजनदार आहे: अकराव्या शतकातला इब्न अल-हैथम. प्रकाश आणि दृष्टी यांवरचा त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणि पुढे इटालियनमध्ये गेला. शिल्पकार गिबेर्तीने त्यातून भरपूर उचललं. कला-इतिहासकार हान्स बेल्टिंग यांनी तर फ्लॉरेन्स आणि बगदाद यांचं नातं सांगणारं पुस्तकच लिहिलं. ऋण मान्य. पण डोळ्याला कसं दिसतं हे समजणं वेगळं आणि ओल्या गिलाव्यावर फरशी आखणं वेगळं. सिएनाच्या आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने 1344 मध्येच एका चित्रात फरशीच्या रेषा एका बिंदूकडे नेल्या होत्या. मागे मात्र सपाट सोनेरी पार्श्वभूमी. म्हणजे ब्रुनेलेस्कीच्या कितीतरी आधी कारागिराचा हात तिथवर पोचला होता.

माझा सगळ्यात भक्कम साक्षीदार फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये आहे: मासाच्चोचं ‘त्रिमूर्ती’, सुमारे 1427 चं. कमानदार छताच्या रेषा आखण्यासाठी ओल्या गिलाव्यात दाबलेल्या खुणा तिथे आजही आहेत. गंमत म्हणजे, याच छताची तारीफ करणाऱ्या वासारीने, म्हणजे कलावंतांच्या चरित्रकारानेच, 1570 च्या सुमारास चित्रापुढे वेदी उभारली आणि ते सुमारे तीनशे वर्षं झाकलं गेलं. पुस्तकी कथा रुजली ती पुरावा वेदीमागे असताना, असा माझा तर्क.

आल्बेर्तीचं श्रेय मात्र मी कापणार नाही. बिंदूकडे जाणाऱ्या रेषा दोरीने जमतात. आडव्या रेषांमधलं अंतर किती कमी करत न्यायचं, हे दोरी सांगत नाही. त्या काळी काही जण प्रत्येक अंतर आधीच्या दोन-तृतीयांश करत. आल्बेर्तीने ते चूक ठरवलं. बाजूला डोळ्याच्या उंचीवर दुसरा बिंदू घ्यायचा, तिथून तळरेषेच्या भागांना रेषा जोडायच्या, मध्ये एक उभी रेषा ओढायची आणि जोडलेल्या रेषा तिला कुठे छेदतात ते बघायचं. आडव्या रेषांच्या जागा तिथे मिळतात. वर त्याने पडताळाही दिला, आणि खोली काढायला शिकणाऱ्याने तोच आधी करावा: फरशीच्या चौकोनांतून कोपऱ्याला कोपरा जोडत एक तिरकी रेषा काढा. ती सरळ गेली तर फरशी बरोबर. वाकली तर आडव्या रेषा पुसा आणि पुन्हा आखा.