दारावरची घंटा आणि भिंतीवरचा पारा

दाराशीं कोण आलें आहे, आणि घरांत ऊब किती असावी, हे दोन प्रश्न मनुष्यानें घर बांधिलें तेव्हांपासून त्याच्या मागें लागलेले आहेत. पहिल्याचें उत्तर पूर्वीं देवडीवरचा पहारेकरी देई आणि दुसऱ्याचें चूल पेटविणारी गृहिणी. आज हीं दोन्हीं कामें तळहातावर मावणाऱ्या दोन यंत्रांकडे आलीं आहेत. दारावरची ‘स्मार्ट’ घंटा पाहुण्याचें चित्र घरधन्याच्या फोनवर पाठविते. भिंतीवरचा ‘स्मार्ट’ थर्मोस्टॅट घरांतील माणसें केव्हां उठतात व केव्हां बाहेर पडतात हें ध्यानांत ठेवून हवा ऊन किंवा गार राखतो. दुकानांत गिऱ्हाइकापुढें अशा यंत्रांचे अनेक प्रकार मांडलेले असतात, आणि त्यांतून कोणता घ्यावा ह्याचा उलगडा किंमतीच्या चिठ्ठीवरून होत नाहीं. तो थोडाफार होतो तो ह्या यंत्रांच्या इतिहासावरून.

प्रथम घंटेचें पाहूं. जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा सहसा पूर्ण उघडत नसे. त्यांतली दिंडी तेवढी उघडे, व आंत शिरणाऱ्याला मान लववावीच लागे. आलेल्याची विचारपूस करून आंत वर्दी देणारा मनुष्य देवडींत बसलेलाच असे. साध्या घरीं कडी वाजविली कीं काम भागे. घंटेची गरज लागते ती आंतला मनुष्य दारापासून दूर गेल्यावर. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील श्रीमंतांच्या घरीं हेंच घडलें. तोंपर्यंत नोकर हांकेच्या अंतरावर, बहुधा धन्याच्या खोलीबाहेरच, तिष्ठत बसत. मग भिंतींतून तारा ओढून, कोपऱ्याकोपऱ्यावर त्यांना वळण देऊन, तळघरांत एका ओळींत घंटा टांगण्याची युक्ति निघाली. दिवाणखान्यांतली दोरी ओढली कीं खालीं तिची घंटा स्प्रिंगवर हालूं लागे, आणि प्रत्येक घंटेचा नाद निराळा असल्यामुळें कोणत्या खोलींतून बोलावणें आलें तें नोकर कानानें ओळखीत. धन्याची सोय झाली हें खरें. पण नोकर दृष्टीआड तळघरांत गेला तो ह्याच तारांच्या जोरावर. घरगुती यंत्रांच्या इतिहासांत ही गोष्ट वारंवार दिसते. यंत्र घरांत येतें, आणि एक मनुष्य खोलींतून नाहींसा होतो.

गॅसच्या दिव्यांमुळें प्रसिद्धि पावलेला स्कॉटिश यंत्रज्ञ विल्यम मर्डॉक यानें १८१७ च्या सुमारास बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घरांत दाबलेल्या हवेनें वाजणारी घंटा बसविली होती. परंतु खरी वाट दाखविली ती विजेनें. १८३१ सालीं अमेरिकेंत ऑल्बनी येथील विद्यालयांत जोसेफ हेन्री ह्या शिक्षकानें सुमारें मैलभर लांबीची तार खेळविली. एका टोंकाशीं वीज सोडतांच दुसऱ्या टोंकाचा विद्युच्चुंबक जागा होई, लोहचुंबकाची कांडी फिरे आणि घंटेवर आपटे. ह्या युक्तीचें पेटंट हेन्रीनें घेतलें नाहीं.

शतकाच्या मध्याला घंटेला आपल्या ओळखीचें रूप आलें. तिची करामत समजून घेण्याजोगी आहे. बटण दाबलें कीं प्रवाह गुंडाळींतून वाहतो, चुंबक लोखंडी पट्टी आपल्याकडे ओढतो व हातोडी घंटेवर पडते. पण पट्टी सरकतांच तिचा स्पर्श तुटतो, प्रवाह थांबतो, पट्टी मागें येते व स्पर्श पुनः जुळतो. स्पर्श जुळणें आणि तुटणें, एवढ्यांत सारें आलें. १८६६ सालीं जॉर्ज लक्लांशे ह्या फ्रेंच गृहस्थानें एक बॅटरी तयार केली. दाराची घंटा दिवसांतून थोडाच वेळ वाजते, आणि मधल्या विश्रांतींत ती बॅटरी पुनः सावरते. म्हणून घंटेला ती फारच मानवली. विजेचे दिवे येण्यापूर्वींच कित्येक घरांत विजेची घंटा पोहोंचली ती ह्यामुळें.

उबेची कथा याहून जुनी, आणि ती सुरू होते कोंबडीच्या अंड्यांपासून. हॉलंडांतील आल्कमार गांवचा कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) हा कल्पक मनुष्य इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आश्रयाला होता. टेम्स नदींत पाण्याखालून चालणारी नाव करणारा म्हणून त्याचें नांव घेतात. पण त्यानें केलेली अंडीं उबविण्याची पेटी जास्त महत्त्वाची आहे. पेटींत मद्यार्कानें भरलेली नळी होती व तिला लागून पारा होता. ऊब वाढली कीं मद्यार्क फुगे व पाऱ्याला रेटी. पारा एका दांड्याला उचली, आणि दांडा भट्टीची हवेची वाट झांकून टाकी. ऊब उतरली कीं वाट पुनः मोकळी होई. जवळ कोणी बसलेलें नसतां आपली चूक आपणच सुधारणारी ही भट्टी. आणि तिच्या पोटीं पिलें जन्मत होतीं.

‘थर्मोस्टॅट’ हें नांव मात्र दोनशें वर्षांनीं मिळालें. अँड्र्यू यूर ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें १८३० सालीं दोन धातूंच्या जोडपट्टीचें पेटंट घेतलें. पितळ व पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या, तर उष्णतेनें पितळ अधिक वाढतें आणि जोडपट्टी वांकते. जॉन हॅरिसन ह्या इंग्रज घड्याळजीनें अठराव्या शतकांत जहाजावरील घड्याळासाठीं हा गुण वापरला होता. यूरनें त्याला उबेवर देखरेख करावयास लाविलें. कारखान्यांची थोरवी गाणारा ग्रंथ त्यानें १८३५ सालीं लिहिला. गिरणींतल्या मुलांच्या हालांविषयीं त्याचें मन फारसें द्रवलें नाहीं हेंही त्याच ग्रंथावरून कळतें.

घंटा आणि ऊब यांच्या कथा एकत्र येतात त्या एका शाळेंत. अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांत व्हाइटवॉटर नांवाचें गांव आहे. तेथील अध्यापक-विद्यालयांत वॉरन जॉन्सन नांवाचा शिक्षक शिकवीत असे. त्या प्रांतीं हिंवाळा कडक. इमारत तापविणारी भट्टी तळघरांत, आणि तिच्या हवेच्या झडपाही तेथेंच. कोणता वर्ग गारठला आणि कोणता उकडून निघाला हें भट्टीवाल्याला खालीं कळावें कसें? तो मग तासातासाला वर चढे, प्रत्येक वर्गाचें दार उघडून भिंतीवरचें उष्णतामान वाची, आणि पुनः खालीं जाऊन झडपा हलवी. दर वेळीं शिकवणें मोडे. ज्यानें वर्ग चालविला आहे त्याला सांगावयास नको कीं, एकदां दार करकरलें आणि चाळीस माना तिकडे वळल्या म्हणजे गाडी पुनः रुळावर आणण्यास किती वेळ लागतो. जॉन्सननें वर्गाच्या भिंतीवर जोडपट्टी बसविली. उष्णतामान ठरलेल्या मर्यादेला पोहोंचलें कीं पट्टी वांकून स्पर्श जुळे, आणि तळघरांत घंटा वाजे. ती ऐकून भट्टीवाला झडप हलवी. १८८३ सालीं ह्या यंत्राचें पेटंट त्याला मिळालें. म्हणजे जॉन्सनचा हा थर्मोस्टॅट स्वतः कसलेंच नियमन करीत नसे. तो मनुष्याला हांक मारीत असे. दारावरच्या घंटेचा तो सख्खा भाऊच म्हणावयाचा.

१८८५ सालीं मिलवॉकी शहरीं कंपनी निघाली, आणि शिक्षकाचा कारखानदार झाला. १८९५ सालीं दाबलेल्या हवेच्या जोरावर खोलीखोलीची ऊब आपोआप राखणारी व्यवस्था जॉन्सननें केली, तेव्हां भट्टीवाल्याला हांक मारण्याचेंही कारण उरलें नाहीं. फिलाडेल्फियाच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावरील अजस्र घड्याळही त्याच्याच कंपनीचें.

जॉन्सनची व्यवस्था मोठ्या इमारतींसाठीं होती. घरगुती भट्टीचा प्रश्न मिनिआपोलिस शहरीं आल्बर्ट बट्झ ह्या स्विस गृहस्थानें १८८५ सालीं सोडविला. खोली गार झाली कीं एक दांडा अर्धा फेरा घेऊन झडप उघडी, व ऊब पुरेशी झाली कीं उरलेला अर्धा फेरा घेऊन ती मिटी. ह्या कारखान्याच्या वंशांतून, १९२७ च्या विलीनीकरणानंतर, पुढची हनिवेल कंपनी उभी राहिली. ह्याच कंपनीसाठीं १९५३ सालीं हेन्री ड्रायफस ह्या रचनाकारानें प्रसिद्ध वाटोळा थर्मोस्टॅट घडविला. त्याच्या पोटांत कांचेची कुपी व कुपींत पाऱ्याचा थेंब. कुपी कलली कीं पारा घरंगळे व स्पर्श जुळे. ड्रेबेलचा पारा तीनशें वर्षांनीं अमेरिकेच्या घराघरांतील भिंतींवर येऊन बसला. तो कसा वापरावा हें कोणाला शिकवावें लागत नसे, आणि ही त्याची मोठीच थोरवी होती.

१९७३ सालीं तेलाची टंचाई झाली आणि भिंतीवरचें हें चक्र राजकारणाचा विषय बनलें. फेब्रुवारी १९७७ मध्यें अध्यक्ष जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले, आणि दिवसा ६५ व रात्रीं ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबानें अनुक्रमें सुमारें १८ व १३ अंश सेल्सिअस, एवढ्यावर भागवा, असें त्यांनीं जनतेला सांगितलें. मग रात्रीं आपोआप ऊब उतरविणाऱ्या, घड्याळ व कळा असलेल्या थर्मोस्टॅटांचा प्रसार झाला. त्यांनीं इंधन वांचावें हें गणित कागदावर बिनचूक होतें. पण लोक त्या कळांना कंटाळले, वेळापत्रक कोणी बसविलें नाहीं. अखेर ऊर्जाबचतीची जी सरकारी शिफारस अशा थर्मोस्टॅटांना अमेरिकेंत मिळत असे, ती २००९ च्या अखेरीस बंद करण्यांत आली.

ही अडचण ओळखून २०११ सालीं नेस्ट नांवाचा थर्मोस्टॅट बाजारांत आला. त्याचे कर्ते टोनी फॅडेल हे पूर्वीं अ‍ॅपल कंपनींत आयपॉडच्या कामावर होते. आकार पुनः वाटोळा, फिरविण्याची रीत पुनः तीच. मात्र वेळापत्रक घरधन्यानें सांगावयाचें नाहीं, तें यंत्रानेंच त्याच्या वागणुकींतून शिकावयाचें. २०१४ सालीं गूगलनें ही कंपनी ३२० कोटि डॉलरांना घेतली. केवळ थर्मोस्टॅट विकण्यासाठीं एवढी रक्कम कोणी मोजीत नाहीं, हें व्यवहार जाणणाऱ्याच्या ध्यानांत तेव्हांच आलें असेल. जानेवारी २०१६ मध्यें प्रणालींतील एका दोषानें कित्येक नेस्टांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडींत घरें गारठलीं. गूगलनें २५ ऑक्टोबर २०२५ पासून पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्टांचा आधार काढून घेतला; ते फोनवरून चालेनासे झाले. चक्र हातानें फिरविलें तर ऊब मात्र अजून मिळते, कारण तेवढा निर्णय भिंतीवरच होतो.

इकडे घंटेला डोळा फुटला तो एका परिचारिकेच्या धास्तींतून. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागांत मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही कृष्णवर्णीय स्त्री राहत असे. तिच्या कामाच्या वेळा विचित्र. पति विद्युत्-यंत्रांचा कारागीर, तोही वेळीं-अवेळीं बाहेर. वस्तींत गुन्हे पुष्कळ, आणि बोलाविल्यावर पोलीस येत ते सावकाश. रात्रीं दार वाजलें तर उठून दाराशीं जावयाचें कोणी? तिनें पतीच्या मदतीनें दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकें ठेवून आंत वरखालीं सरकणारा कॅमेरा बसविला, निजण्याच्या खोलींत चित्राचा पडदा ठेविला, बोलण्या-ऐकण्याची सोय केली, दुरून कडी काढण्याचें बटण लाविलें आणि मदतीला हांक देण्याची कळही जोडली. १९६६ मध्यें केलेल्या अर्जावर २ डिसेंबर १९६९ रोजीं पेटंट मिळालें. तिच्या हयातींत हें यंत्र घरोघर गेलें नाहीं. आजच्या व्हिडिओ-घंटेंतील जवळजवळ प्रत्येक सोय मात्र त्या पेटंटांत लिहिलेली सांपडते. फरक एवढाच कीं ब्राउनबाईंचें चित्र दारापासून पलंगापर्यंत जाई. आजचें चित्र दारापासून निघून एखाद्या कंपनीच्या दूरच्या भांडारांत शिरतें, आणि तेथून घरधन्याच्या फोनवर येतें.

ह्या मधल्या मुक्कामांतूनच पुढचे तंटे उद्भवले. अ‍ॅमेझॉननें २०१८ सालीं विकत घेतलेल्या रिंग कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगानें २०२३ मध्यें असा आरोप ठेविला कीं, गिऱ्हाइकांच्या खासगी चित्रफिती पाहण्याची मुभा तिनें आपल्या नोकरांना नको तितकी दिली होती. ५८ लक्ष डॉलर भरून कंपनीनें तें प्रकरण मिटविलें. इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या कौंटी कोर्टानें २०२१ सालीं एका शेजाऱ्यांच्या भांडणांत निकाल दिला. चित्रापेक्षां आवाजाबद्दल न्यायाधीशांनीं अधिक कडक मत नोंदविलें, कारण घंटेचा कान तिच्या डोळ्याहून फार लांबचें टिपत होता. समोरासमोर दारें असलेल्या चाळींतून व सोसायट्यांतून हा निकाल वाचण्यासारखा आहे.

महाराष्ट्रांतील घराला भट्टी लागत नाहीं. थर्मोस्टॅट येथें गीझरांत, इस्त्रींत व फ्रीजमध्यें दडून बसलेला असतो, आणि उघडपणें भेटतो तो एअर कंडिशनरच्या रिमोटवर. १ जानेवारी २०२० पासून भारतांत तारांकित एअर कंडिशनर सुरू होतांच २४ अंशांवर असावा असा सरकारी नियम आहे. पुढें घरधन्यानें तो खालीं-वर करावा. न्यू जर्सीला किंवा टोरांटोला संसार थाटलेल्या मुलानें तिकडचा थर्मोस्टॅट आईवडिलांकडे पाठविला तर तो येथील भिंतीवर शोभेपुरताच राहील, कारण तो तिकडच्या मध्यवर्ती भट्टीच्या २४ व्होल्टच्या तारांसाठीं घडविलेला असतो. घंटेचीही तीच गत. अमेरिकेंत दाराची घंटा रोहित्राच्या मंद विजेवर चालते. आपल्याकडे ती बहुधा सरळ २३० व्होल्टवर असते, आणि परदेशी व्हिडिओ-घंटा त्या तारेला जोडली तर पहिल्याच पाहुण्याच्या आधीं जळून जाईल. बॅटरीवरची घंटा घ्यावयाची तर ती किती दिवसांनीं भारावी लागते हें विचारावें. चित्र घरांतल्याच पेटींत सांठतें कीं परगांवीं जातें, महिन्याची वर्गणी थांबविली तर काय उरतें, आणि इंटरनेट बंद पडलें असतां बटण दाबल्यावर निदान आंत घंटा वाजते कीं नाहीं, हेंही विचारून घ्यावें. आणि दुकानांत जाण्यापूर्वीं वायरमनला बोलावून भिंतींतली तार एकदां दाखवावी.