जुन्या स्पोर्ट्स कारला नवे कॅलिपर. तोल सांभाळणे आवश्यक

जालना - लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या जालना जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. या मार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. वेग ६० वरून १२० वर गेला, की ब्रेकला शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा चौपट होते. त्यामुळे जुनी स्पोर्ट्स कार अशा रस्त्यावर नेण्यापूर्वी तिच्या ब्रेकचा विचार करणे अगत्याचे ठरते.

डिस्क ब्रेकची उपयुक्तता १९५३ मध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत सिद्ध झाली. ती शर्यत डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार सी-टाइपने जिंकली. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपला चारही चाकांवर, तर १९६२ च्या एमजीबीला केवळ पुढील चाकांवर डिस्क होत्या. कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीची भिस्त मात्र ड्रम ब्रेकवरच होती.

कॅलिपर फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळतो. पिस्टनचा व्यास ४८ वरून ५४ मिलिमीटर केल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. तितकाच दाब वाढतो. पण तितकेच जादा ब्रेक ऑइलही ढकलावे लागते. मास्टर सिलिंडर जुनाच राहिल्यास पेडल खोल जाते. मागील ब्रेक प्रमाणाबाहेर प्रभावी झाले, तर मागची चाके आधी अडकून गाडी घसरते. अनेक जुन्या गाड्यांत ऑइलचा एकच मार्ग असतो. एका ठिकाणी गळती झाली, तरी सर्व ब्रेक निकामी होतात. म्हणून दुहेरी मार्गाचा मास्टर सिलिंडर ही पहिली सुधारणा मानावी.

कॅलिपर ज्यावर बसतो, ते ब्रॅकेट औद्योगिक वसाहतीतील लेथवर करून घेता येते. मात्र ब्रेकचा सारा भार त्यावर येत असल्याने दर्जा अज्ञात असलेले भंगारातील पोलाद त्यासाठी वापरू नये. रिमच्या आत कॅलिपरला पुरेशी जागा आहे का, हे आधी मोजावे. रबरी नळ्या नव्या घालाव्यात. डॉट ४ ऑइलमध्ये सिलिकॉनयुक्त डॉट ५ मिसळू नये. ऑइल भरल्यावर नळ्यांतील हवा पूर्ण काढावी आणि पहिली चाचणी मोकळ्या जागेत, कमी वेगात घ्यावी.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. मूळ सुटे भाग जपून ठेवणे आणि बदलापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे मालकाच्या हिताचे आहे.