करवतीचे दात आणि मांडीवरचं सूत

आज करवती साडीचा इतिहास सांगतो. काठाचं कौतुक सगळेच करतात. आम्हाला काठाबरोबर सुताचंही बोलायचं आहे, कारण ते सूत आपल्यासारख्या बायांनीच काढलेलं आहे.

लाकूड कापायच्या करवतीला जसे दात असतात, तशी नक्षी जिच्या काठावर असते ती करवती, म्हणजे करवत काठी साडी. साडीचं अंग कोशाचं, मधासारख्या रंगाचं. काठ सुती आणि गडद. रामटेकच्या देवळावरून हे दात घेतले असं काही जण सांगतात. आम्हाला करवत जवळची वाटते, ती आपल्या घरात टांगलेली असते. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावला, आपल्याकडे नागभीडला कोष्टी लोकांच्या मागावर हे काम चालत आलं. आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

हे दात छापलेले नसतात, भरतकामाचेही नसतात. विणकर तीन धोटे चालवतो, दोन दोन्ही काठांचे आणि एक अंगाचा. काठाचा धागा अंगाच्या धाग्याला जिथे भेटतो तिथे दोघांना एकमेकांत अडकवून परत फिरवायचं. ही भेटीची जागा दर फेरीला थोडी आत, मग थोडी बाहेर सरकवत नेली की एक दात तयार होतो. तो मोजून करायचा असतो. एक फेरी चुकली की दात वाकडा दिसतो, आणि साडीभर असे दात किती असतात ते तुम्हीच मोजून पाहा.

रंग काठातच का? कोशाचं सूत मुळातच तपकिरी, सोनेरी. त्यावर भडक रंग खुलत नाही, म्हणून अंग आहे तसं ठेवायचं आणि रंगाची हौस सुती काठावर भागवायची. त्या काळी विदर्भात लाल रंग आलच्या मुळांतून काढत. आल नावाचं झुडूप त्यासाठी शेतात लावत. 1869 मध्ये हाच लाल रंग कारखान्यात बनवायची रीत जर्मनीत निघाली. काही दशकांत तो स्वस्त रंग आपल्या बाजारापर्यंत आला आणि आलची शेती बसली. आज आल दाखवा म्हटलं तर किती जणींना ओळखता येईल?

आता जंगलात येऊ. साध्या रेशमाच्या अळ्या घरात तुतीच्या पाल्यावर वाढतात. कोशाची अळी वाढते झाडावरच, येनावर आणि अर्जुनावर. आरमोरीकडे, वैनगंगेच्या दोन्ही अंगांना ढिवर लोक पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. पाखरं आणि मुंग्या अळ्या खाऊन टाकतात, म्हणून दिवसभर झाडाखाली राखण करावी लागते. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलं झाली आणि ज्या झाडांवर अळ्या सोडायच्या ती सरकारची ठरली. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची यादी आली, तिच्यात बांबू, मध, तेंदू यांच्या बरोबरीने टसर आणि कोशाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या बांबूची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच यादीत कोसाही आहे, हे फार कमी जणींना माहीत असतं.

कोसा आणि साडी यांच्या मधे जे काम आहे, त्याचा इतिहास कुणी फारसा लिहिला नाही. आम्ही बीएला इतिहास शिकलो. चांद्याचे गोंड राजे होते, किल्ला होता. कोशाचं सूत काढणारी बाई कुठे नव्हती.

कोसे आधी क्षाराच्या पाण्यात उकळून मऊ करायचे. मग चार-सहा कोशांची टोकं एकत्र धरायची, लुगडं वर सारून उघड्या मांडीवर तळव्याने पीळ द्यायचा आणि दुसऱ्या हाताने सूत गुंडाळत जायचं. दिवसभर हेच. मांडीची कातडी सोलवटते, त्यात सोड्याचं पाणी लागून आग होते. मांडी उघडी ठेवायची म्हणून हे काम घराच्या आतल्या खोलीत. कुणाच्या नजरेला पडलं नाही, त्यामुळे कुणी मजुरीही धड मोजली नाही. विणकराला विणकर म्हणतात, कोसा पाळणाऱ्यालाही नाव आहे. ही मात्र "घरी थोडी मदत करते."

नुकसान काठालाही झालं. मांडीवरचं सूत कुठे जाड, कुठे बारीक निघतं. आडव्या बाण्याला ते चालतं, उभ्या ताण्यात तुटतं. म्हणून देशभरात कितीतरी टसर विणकर ताण्याला चीन-कोरियाचं सूत वापरू लागले. म्हणजे कोसा इथला आणि सूत परदेशी!

मांडीवरचं काम बंद करण्यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाने बुनियाद नावाचं यंत्र काढलं. 2019 मध्ये केंद्र सरकारने सांगितलेला हिशेब असा: मांडीवर सूत काढणारीला दिवसाला सुमारे 125 रुपये, यंत्रावर 350. यंत्र चांगलंच आहे. पण ते घरातल्या कुणाच्या नावावर येतं आणि 350 रुपये कुणाच्या हातात पडतात, हे गटाने विचारलं पाहिजे.

आजकाल करवतीचे दात ओढणीवर, स्टोलवर, पुरुषांच्या जाकिटावरही दिसतात. नवे रंग आले, गुलाबी, निळा, शेवाळी. ते आम्हाला आवडतात. जुनंच तेवढं खरं असं आम्ही म्हणत नाही. पण छापील दातही करवती म्हणून खपवले जातात. घेताना काठ उलटून बघा. खऱ्या कामात काठाचा रंगीत धागा दातापाशीच परत फिरतो, अंगात शिरत नाही. छापील दात उलट्या बाजूला फिका पडतो.

आमच्या गटाच्या वहीत यंदा सुताचा वेगळा रकाना पाडला आहे: कोसे किती, सूत किती ग्रॅम, काढलं कुणी. व्यापारी अजून कोशाचाच भाव सांगतो. सुताचा विचारला की उद्या सांगतो म्हणतो.